तुमचीही डावी बाजू

ते वाक्य तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. डॉक्टरांना सांगितलंत. मी कॅज्युअल्टीतल्या हिरव्या पडद्याच्या अलीकडे तुमच्या चपला हातात धरून उभी होते आणि पलीकडून तो तरुण डॉक्टर विचारत होता, "पेशाब कब से नहीं हुई?" तुम्ही म्हणालात, "कल सुबह से." मग तो कुणाला तरी म्हणाला, यांना सोनोग्राफीला घ्या, दोन्ही किडन्या नीट बघायला सांगा. आणि तुम्ही, दुखण्याने दात आवळलेले असताना, अगदी सरळ म्हणालात, "सर, दोनों नहीं हैं. एक ही है, राइट वाली. लेफ्ट जन्म से नहीं है."

मला वाटलं, तुम्ही जुईबद्दल बोलताय. दुखण्यात माणसाचं तोंड भलतीकडे जातं. आपल्या मुलीला एकच किडनी आहे, डावी जन्मापासून नाही, हे आपल्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की ते तुमच्या तोंडून आपोआप निघालं असेल. म्हणून मी पडदा सारून आत आले आणि म्हणाले, "सर, वो हमारी बेटी का बता रहे हैं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

पंधरा मिनिटांनी शेजारच्या खोलीत मी ते स्क्रीनवर बघितलं. उजवी किडनी फुगलेली, तिच्या मधोमध काळं पाणी साचलेलं, आणि खालच्या नळीत अडकलेला खडा. मग सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने यंत्राची मूठ डावीकडे सरकवली. तिथे काही नव्हतं. बारा वर्षं मी जुईची ही रिकामी बाजू बघत आलेय, गिरीश. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती चांगला माणूस. तुमच्या शिफ्टमधले रघुवंशी दारात उभे राहून रडले, "भाभी, भिया तो भर्ती होने के एक दिन पहले भी मशीन पे खड़े थे, बोले थोड़ी कमर दुख रही है बस." मी मान हलवते. चांगलेच होतात तुम्ही. म्हणूनच कुणाकडे बोलता येत नाही, आणि तुमच्याशीच बोलायला बसलेय. मराठीत लिहितेय, म्हणजे जुईला हे वाचायला वेळ लागेल, तिची शाळा सगळी हिंदीत. पण तिच्यापासून लपवायला नाही. तिला मी तोंडानं सगळं सांगितलंय. ते पुढे येईलच.

पाचव्या महिन्यातली ती सोनोग्राफी आठवते का तुम्हाला? आठवतच असणार. मी टेबलावर, पोटावर तो गार चिकट जेल, तुम्ही माझी पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर. डॉक्टर बाई आधी गप्पा मारत होत्या, धारचे तुम्ही, मग मराठी कशी इतकी जुनी बोलता वगैरे. मग त्या गप्प झाल्या. एकाच जागी मूठ दाबत, फिरवत राहिल्या. खाली ओटीपोटाकडे नेली, परत वर आणली. मला म्हणाल्या, जरा कुशीवर व्हा. मग स्क्रीन आपल्याकडे वळवला.

"ही उजवी किडनी. छान आहे, वयाच्या मानानं थोडी मोठीच आहे. आणि डावीकडे बघा. ही काडीसारखी आडवी पडलेली दिसतेय ना? ती किडनीच्या डोक्यावरची ग्रंथी. खाली किडनी असती तर ती टोपीसारखी बसली असती. किडनी नाही म्हणून आडवी पडलीय. मी खाली सरकलीय का तेही शोधलं. नाहीये."

मी रडायला लागले. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो. बाळाभोवती पाणी भरपूर आहे, म्हणजे उजवी तिचं काम करतेय. मूत्राशय भरतंय, रिकामं होतंय. जन्मल्यावर परत बघू, मग दरवर्षी बघत राहू." आणि मग त्या म्हणाल्या, शब्द मला जसेच्या तसे आठवतात, "हे कधी कधी घराण्यात असतं. आई-वडिलांपैकी एखाद्याला असतं आणि त्याला पत्ताही नसतो. तुमच्या दोघांच्या किडन्या एकदा बघून घेऊ. तुमच्या तर आत्ताच बघते."

त्यांनी माझ्या दोन्ही कुशींना मूठ लावली. दोन्ही होत्या. "आता तुम्ही या," त्या तुम्हाला म्हणाल्या. तुम्ही पर्स माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मॅडम, आज शिफ्ट आहे. पुढच्या वेळी." आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी नारळपाणी घेऊन आलात. स्ट्रॉ स्वतः घालून दिलीत. मी ते पीत रडत होते आणि तुमच्याबद्दल माझ्या मनात फक्त माया होती.

पुढची वेळ कधी आली नाही. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "मला काय झालंय? घोडा आहे मी." मी सोडून दिलं. ज्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर गॅसचा सिलेंडर खांद्यावरून आणताना दर महिन्याला बघते, त्याच्या पोटात शोधण्यासारखं काही असेल असं कशाला वाटेल?

मग आपण तुमच्या माईंना सांगायला धारला गेलो.

माझं माहेर देवासचं. बाबा कारखान्यासाठी विदर्भातून आलेले, घरात फार सोवळंओवळं नव्हतं. धारच्या तुमच्या घरात मी लग्नानंतर सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायला शिकले, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायला शिकले. माईंचा जीव होता माझ्यावर. त्या दिवशी त्या गहू निवडत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचा हात सुपातच राहिला. त्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "डावी की उजवी?"

"डावी," मी म्हणाले.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला तेव्हा त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नाही. म्हातारी माणसं काहीही विचारतात.

मग त्या हळूच म्हणाल्या, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?"

आणि मीच सांगितलं होतं ना त्यांना, महिनाभर आधी, हसत हसत. ग्रहणाच्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी फुटेना म्हणून कात्रीनं कापली. मग आठवलं, जीभ चावली, आणि कात्री ठेवून दिली. ते त्यांना आठवलं. मलाही आठवलं. "कात्रीनं," माई म्हणाल्या, "अगं, कात्रीनं." बाकी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

तुम्ही तिथेच होतात. पोळीचा तुकडा मोडून वरणात बुडवत होतात. तो तुकडा विरघळून गेला तरी तुम्ही तो बुडवतच होतात.

परत येताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "माईचं मनावर घेऊ नकोस. जुनी माणसं." मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं, नवऱ्यानं आईपुढे नाही तरी आपल्यापुढे बाजू घेतली. एवढंही पुष्कळ असतं.

मी सातवीला विज्ञान शिकवते. ग्रहण म्हणजे सावली, दुसरं काही नाही, हे दरवर्षी फळ्यावर काढते. सूर्य, पृथ्वी, चंद्र, पट्टीनं रेघा. पोरं विचारतात, "मॅडम, फिर मम्मी लोग बाहर क्यों नहीं निकलने देतीं?" मी उत्तर देते. आणि दरवर्षी रेघा ओढताना माझ्या डोळ्यांपुढे ती दुधाची पिशवी यायची. डोक्याला पटलेलं पोटाला पटत नव्हतं. जुईला पहिला ताप आला, लघवीत जंतू निघाले, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून त्या कात्रीचाच विचार करत होते. हे मी तुम्हाला सांगितलंही होतं. जुई चार वर्षांची असताना. म्हणाले होते, "मला माहीत आहे ते खरं नाही, पण मला वाटत राहतं की माझ्यामुळे झालं." तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "वेडी आहेस."

वेडी आहेस. तुमच्याकडे खरं उत्तर होतं आणि तुम्ही मला एवढंच दिलंत.

दुसरं मूल नको, हे मी ठरवलं. भीतीनं ठरवलं. परत माझ्या हातून काही होईल म्हणून. तुम्ही एका शब्दानं वाद घातला नाहीत. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवऱ्याचा हट्ट नाही. मीही तेच मानत होते. आता कळतं, तुम्हालाही भीतीच होती. आपण दोघं एकाच गोष्टीला भीत होतो, आणि तुम्ही मला एकटीला भिऊ दिलंत.

आणि तरी मी कशी म्हणू की तुम्ही वाईट बाप होतात? जुईच्या पाण्याच्या बाटलीवर तुम्ही मार्करनं रेघा मारून द्यायचात, डब्याच्या सुट्टीपर्यंत इथवर, घरी येईपर्यंत इथवर. दरवर्षी तिच्या सोनोग्राफीला तुम्ही रजा घेतलीत. तिची उजवी किडनी कोणत्या वर्षी किती सेंटिमीटर होती ते फाइल न उघडता सांगायचात. वाढतेय हे ऐकलं की तुमचा चेहरा असा उजळायचा, जसा तिचा निकाल लागल्यावरही नाही. डॉक्टर बाई म्हणायच्या, एक नसली की दुसरी दोघींचं काम करायला शिकते, म्हणून मोठी होते. तुम्ही ते दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायचात. आता वाटतं, तुम्ही स्वतःसाठीही ऐकत होतात.

तुमची दाढ ठणकत होती तेव्हा तीन दिवस लवंग धरून बसलात, पण दुखण्याची गोळी घेतली नाहीत. मी चिडले होते. "गोळीनं काय मरणार आहात?" म्हणाले होते. तुम्हाला माहीत होतं की त्या गोळ्या किडनीला चांगल्या नाहीत. घरात रक्तदाबाचं यंत्र आणलंत ते जुईसाठी म्हणून. आधी स्वतःच्या दंडाला बांधून बघायचात, "बरोबर दाखवतंय का बघतो." सगळं समोर होतं. मी एकही गोष्ट दुसरीला जोडली नाही, कारण आपल्या माणसाकडे कुणी पुरावे गोळा करत बसत नाही.

फक्त एकदा तुमच्या तोंडून निसटलं होतं. मागच्या दिवाळीनंतर जुईला शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये घेतलं. ती नाचत घरी आली. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारू, संरक्षक पट्टा वगैरे काही असेल. तुम्ही आवाज चढवलात, तुमचा आवाज मी चौदा वर्षांत तितका चढलेला ऐकला नव्हता. "मार बसला तर? दुसरी कुठून आणणार? मलाही नाही खेळू दिलं, मेलो नाही मी!"

मी विचारलं, "तुम्हाला कुणी नाही खेळू दिलं?"

तुम्ही थांबलात. "पाय मोडला होता लहानपणी," म्हणालात.

तीन दिवस आपण बोललो नाही. जुईनं बॅडमिंटन घेतलं. तो वाद तसाच राहिला. मला तेव्हा वाटलं होतं की आपण जुईवरून भांडतोय.

इंदूरला तुम्हाला हलवलं त्या दुपारी, पाठीतून नळी घालून साचलेलं पाणी काढलं होतं आणि तुम्ही जरा शुद्धीवर होतात, तेव्हा मी विचारलं. दहा मिनिटंच मिळाली होती आत जायला. मी तुमची तब्येत विचारायला हवी होती. मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"नऊ वर्षांचा होतो. पोटात दुखायचं म्हणून इंदूरला दाखवलं होतं."

"आणि जुईच्या वेळी?"

तुम्ही छताकडे बघत होतात. "सांगणारच होतो."

"केव्हा?"

"मग वेळ निघून गेली. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी सांगायला जास्त अवघड होतं." मग म्हणालात, "तू सोडून गेली असतीस."

"जुईला घेऊन कुठे जाणार होते मी?"

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. नर्स म्हणाली, "मैडम, टाइम हो गया." मी तुमच्या हाताला हात लावला नाही. ते मला आता रोज आठवतं. संध्याकाळपर्यंत जंतू रक्तात गेले होते, तुमच्या तोंडात नळी घातली, आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दोन किडन्या असलेल्या माणसाला असा खडा अडकला तर दुसरी सांभाळून घेते. तुमचा तर एकच रस्ता होता, तो बंद झाला. दुखायला लागलं त्याच दिवशी आला असता तर. दोन दिवस तुम्ही कमरेला पट्टा बांधून कामावर जात होतात. का, तेही मला कळतं. सोनोग्राफी करायला लागली असती, आणि मी सोबत आले असते.

तेराव्याला धारच्या घरातून सगळे गेल्यावर माई आणि मी उरलो. जुई आत झोपली होती. दुपारचं ऊन अंगणातून हलत नव्हतं. मी ठरवून आले होते की बोलणार. म्हणाले, "माई, तुम्हाला माहीत होतं."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. "आधी एक मुलगी बघितली होती कुक्षी गावची," म्हणाल्या. "तुझ्या आधी. तुझ्या मामंजींनी तिच्या घरच्यांना सगळं खरं सांगितलं. माणसं चांगली होती, चहा पिऊन गेली. आठ दिवसांनी निरोप आला, मुलात खोट आहे म्हणे. खोट. गिरीश तिथंच होता. त्यानं तेव्हाच मला शपथ घातली, आता कुणालाही सांगायचं नाही. मग तुझं स्थळ आलं."

मला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, असं म्हणावंसं वाटलं. पण खरं सांगू? मला माहीत नाही. चोवीस वर्षांची होते. आईबाबांनी नको म्हटलं असतं तर कदाचित मीही चहा पिऊन गेले असते. ते लपवलंत ते मी समजू शकते. त्यासाठी मी तुमच्याशी भांडले असते, रडले असते आणि दोन महिन्यांत विसरले असते.

पण मग मी माईंना विचारलं, "मला कात्रीचं का म्हणालात? तुम्हाला तर माहीत होतं, तुमच्या मुलालाही तसंच आहे."

त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "अगं, म्हणूनच म्हणाले. माझ्या हातूनही तेच झालं होतं. गिरीश पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि मी विळीवर बसले होते. पाहुणे आले होते, काय करणार? त्याचं नऊ वर्षांनी निघालं तेव्हा सासूबाई त्याच्यादेखतच म्हणाल्या, आठव, काय चिरलं होतंस. आठवलं मला. माझ्यानं त्याचं झालं, तुझ्यानं जुईचं. मला वाटलं, बिचारी ही पण माझ्यासारखीच."

माई खोटं बोलत नव्हत्या. ती बाई मला टोचत नव्हती. ती मला आपल्या शेजारी बसवून घेत होती. पस्तीस वर्षं ती एकटी बसली होती तिथे.

मग उरलं कोण? त्या खोलीत, जिथं डॉक्टर बाई म्हणाल्या की हे घराण्यात असतं, तिथं आपण दोघंच होतो. मला तुमचं माहीत नव्हतं. माईंना डॉक्टरांचं बोलणं माहीत नव्हतं. दोन्ही तुकडे एकट्या तुमच्या हातात होते. एका बाजूला बायको कात्री धरून बसलेली, दुसऱ्या बाजूला आई विळी धरून बसलेली, आणि मधे तुम्ही, वरणात पोळी बुडवत. एक वाक्य बोलला असतात तर दोघी सुटलो असतो. लग्नाआधीचं लपवणं मी एक वेळ पोटात घालीन. हे कसं घालू?

मी माईंना म्हणाले, "माई, ते ग्रहणानं होत नाही. पोटात जीव धरतो तेव्हाच, पहिल्या काही आठवड्यांत, किडनी बनायची असते ती बनत नाही. आपल्याला पोटुशी आहोत हेही नीट कळलेलं नसतं तेव्हा."

"नक्की?"

"नक्की."

"डॉक्टर म्हणाल्या?"

"हो."

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला घेऊन चल त्यांच्याकडे. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आणि माझंही बघू दे."

जुईला मी देवासला परतल्यावर सांगितलं, गच्चीवर कपडे वाळत घालताना. ती चिमटे देत होती. आधी तिला खरंच वाटेना. "बाबांना पण एकच होती? पूरी लाइफ?"

"हो."

"और वो सिलेंडर वर आणायचे?"

"हो."

ती हसली. मला वाटलं, बरं झालं. मग तिचा चेहरा बदलला. "मग मला क्यों नाही सांगितलं? मी विचारलं होतं ना त्यांना. तिसरीत. क्लास की एक लड़की मला बोली थी की तू आधी है, म्हणजे अर्धी, तेव्हा. मी बाबांना विचारलं, माझ्यासारखं अजून कोणी असतं का? ते बोलले, असेल कुठेतरी."

असेल कुठेतरी. ती तुमच्या स्कूटरवर पुढे उभी होती म्हणे, तुमच्या दोन्ही हातांच्या मधे.

माझ्याशी केलंत ते केलंत. पण तिला तुम्ही एकटं ठेवलंत, आणि तिचा सोबती तिच्या पाठीला टेकून बसला होता. यावर मला अजून राग धड करताही येत नाही, इतका तो मोठा आहे. तिनं नंतर विचारलं, "मी पण अशीच मरणार का?" मी तिला सांगितलं, बाबा एक किडनी होती म्हणून गेले नाहीत. दुखत होतं ते सांगितलं नाही, म्हणून गेले. हे बोलताना मला तुमची दया आली नाही. रात्री आली. पण तेव्हा नाही.

परवा माईंना घेऊन गेले. त्यांना टेबलावर चढायला पायरी लागली. नऊवारीची गाठ सोडायला त्या लाजत होत्या, डॉक्टर बाईंनी स्वतः मदत केली. जुई डोक्याशी उभी राहून आज्जीला सांगत होती, "कुछ नहीं होता, फक्त गार लागतं." बाईंनी डावी बघितली, उजवी बघितली. दोन्ही होत्या, वयाच्या मानानं चांगल्या.

"मग कुठून आलं त्याला?" माईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "वडिलांकडून असेल, ते आता बघता येणार नाही. नाहीतर त्याच्यापासूनच सुरू झालं असेल. पुढे जुईच्या मुलांच्या वेळी मात्र आधीपासून लक्ष ठेवायचं, एवढंच."

"विळीनं नाही?"

"विळीनं नाही, आजी. कात्रीनं नाही. कोणाच्याच हातून नाही."

माईंनी त्यांना ते परत म्हणायला लावलं. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

रिक्षात माई मधे बसल्या होत्या, एका बाजूला मी, एका बाजूला जुई. बस स्टँडच्या वळणावर गर्दीत रिक्षा थांबली. माईंनी अचानक माझ्याकडे वळून विचारलं, "गिरीशला माहीत होतं हे? माझ्या हातून नाही झालं ते?"

खोटं बोलणं किती सोपं असतं ते मला तेव्हा समजलं. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पंचाहत्तर वर्षांची बाई, तीन आठवड्यांपूर्वी एकुलता एक मुलगा गेलेला. तिला कशाला सांगायचं? आज नको, पुढे कधीतरी सांगू. तुम्हीही असंच सुरू केलं असणार. दुष्टपणानं नाही. समोरच्याचा चेहरा बघून. त्या एका घटकेला मी तुमच्या इतकी जवळ आले की मला ते सहन झालं नाही.

"हो, माई," मी म्हणाले. "माहीत होतं. डॉक्टर सांगत होत्या तेव्हा ते तिथेच होते."

रिक्षा सुटली. जुईनं आज्जीचा हात धरला होता, तिला सगळं कळत होतं. पूल ओलांडला, आपली गल्ली आली, मी रिक्षावाल्याला थांबवलं. माई उतरल्या नाहीत. समोर बघत बसून राहिल्या आणि मग, तुम्ही लहानपणी न सांगता उशिरा घरी आलात की बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या,

"मग गेला कशाला इतक्या घाईनं? दोन दिवस थांबायचं होतं मेल्यानं. मी विचारलं असतं ना त्याला."